पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर : अल्प चरित्र

काशीस जाऊन श्रीविश्वनाथाचे दर्शन घेणारा, गयेस विष्णुपदावर पिंडदान करणारा, सोरटी सोमनाथास, वेरूळच्या घृष्णेश्वरास वा जेजुरीच्या मल्हारीस जाणारा महाराष्ट्रातील भाविक एका नावाशी वारंवार येऊन थांबतो. घाटाच्या पायऱ्यांवर, धर्मशाळेच्या दारावर, बारवेच्या कमानीवर आणि पुजाऱ्यांच्या मुखी ते नाव असते. ते नाव अहिल्याबाई होळकर यांचे होय. हिमालयातील केदारनाथापासून दक्षिणेतील रामेश्वरापर्यंत आणि द्वारकेपासून जगन्नाथपुरीपर्यंत ज्यांच्या दानधर्माच्या खुणा आढळतात, अशी दुसरी व्यक्ती अठराव्या शतकात शोधूनही सापडणे कठीण. परंतु या दानामागे कोणते आयुष्य होते, हे दर्शनाच्या घाईत सहसा ध्यानी येत नाही. ज्या वयात संसार बहरास यावयाचा, त्या वयात या साध्वीच्या वाड्यातून एकामागून एक माणूस उठून गेला होता. ते जीवन वरून पाहणाऱ्यास सर्वस्वी रितेच वाटले असते. त्यासाठीच हा अल्प परिचय.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या लहानशा गावी झाला. हे गाव अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील, धनगर समाजातील एक प्रतिष्ठित गृहस्थ. मुलींना लिहावयास शिकविण्याची त्या काळी रीत नव्हती, तरी माणकोजींनी कन्येस अक्षरओळख करून दिली. पुढे या अक्षरओळखीने किती मोठे काम केले, हे सांगावयास नको. पेशव्यांचे सरदार मल्हारराव होळकर यांनी चौंडीच्या मुक्कामी देवळात या बालिकेस पाहिले व तिची चर्या पाहून तिला सून करून घेण्याचे ठरविले, अशी आख्यायिका आहे. इ.स. १७३३ मध्ये मल्हाररावांचे एकुलते पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. इ.स. १७४५ मध्ये पुत्र मालेराव आणि १७४८ मध्ये कन्या मुक्ताबाई अशी दोन अपत्ये त्यांना झाली.

सासुरवाशीण म्हणून अहिल्याबाईंचे भाग्य थोर होते. सासूबाई गौतमाबाई करड्या शिस्तीच्या, परंतु प्रेमळ. मल्हारराव तर सुनेवर पुत्रापेक्षाही अधिक विश्वास टाकीत. होळकरांच्या दौलतीत एक वेगळी व्यवस्था होती. इ.स. १७३४ साली थोरल्या बाजीरावांनी गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र जहागीर दिली होती. तिचे उत्पन्न राज्याच्या खजिन्यात न जाता घराण्यातील स्त्रीच्या हाती राही. यास खासगी म्हणत. गौतमाबाईंच्या पश्चात ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. पुढे देशभर जी मंदिरे, घाट व अन्नछत्रे उभी राहिली, त्यांचा खर्च प्रामुख्याने या खासगीतून झाला. रयतेच्या सारापट्टीवर त्याचा बोजा पडला नाही. देवळाच्या पावतीपुस्तकाशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना या गोष्टीचे मोल अधिक कळेल.

इ.स. १७५४ च्या मार्च महिन्यात पहिला आघात झाला. राजस्थानात भरतपूरजवळ कुंभेर येथे जाट राजा सूरजमल याच्या किल्ल्यास मराठ्यांचा वेढा पडला असता तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्याबाईंचे वय त्या वेळी अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. तत्कालीन रूढीस अनुसरून त्यांनी सती जाण्याचा निश्चय केला. खंडेरावांच्या इतर स्त्रिया सती गेल्याही. परंतु वृद्ध मल्हाररावांनी सुनेपुढे अक्षरशः पदर पसरला. एकुलता एक पुत्र गेला, आता तूही गेलीस तर या म्हाताऱ्याने आणि या दौलतीने कोणाकडे पाहावे, अशी त्यांची विनवणी होती. अहिल्याबाईंनी सासऱ्यांचा शब्द मानला. लोकनिंदा होईल हे ठाऊक असता हा निर्णय घेणे त्या काळी चितेवर चढण्याहून सोपे नव्हते, हे आजच्या वाचकाने विसरू नये.

त्या दिवसापासून त्यांनी रंगीत वस्त्र नेसले नाही. शुभ्र वस्त्र व एखादी साधी माळ एवढाच त्यांचा वेष राहिला. मात्र मल्हाररावांनी सुनेस देवघरात बसवून ठेवले नाही. स्वतः मोहिमेवर असता ते तिला पत्रे लिहून तोफा हलविण्याची, दारूगोळा तयार करविण्याची व रसद पोहोचविण्याची कामे सांगत. वसुलीचे हिशेब तीच पाही. पानिपतच्या संग्रामानंतर, १७६१ मध्येच, गौतमाबाई निवर्तल्या. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांनीही देह ठेवला.

गादीवर मालेराव आले. या पुत्राची प्रकृती अस्थिर आणि चित्त त्याहूनही अस्थिर होते. वर्ष पुरे होण्यापूर्वीच, ५ एप्रिल १७६७ रोजी, ते मरण पावले. येथे एका लोककथेचा उल्लेख करणे अवश्य आहे. रथाखाली वासरू चिरडल्याबद्दल अहिल्याबाईंनी पुत्रास देहदंड फर्माविला, अशी कथा पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. न्यायनिष्ठुरतेचा दाखला म्हणून ती रंगविली जाते खरी. परंतु तिला समकालीन आधार नाही. सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यातील जुन्या जाणत्या माणसांकडून माहिती गोळा करून १८२३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात याच्या नेमके उलट लिहिले आहे. भ्रमिष्ट पुत्राच्या शय्येशी ही माता रात्रंदिवस बसून होती, त्याला बरे वाटावे म्हणून तिने देवास साकडे घातले, आणि तिच्या देखत तो गेला. अहिल्याबाईंची थोरवी सांगण्यास पहिल्या कथेची मुळीच गरज नाही.

आता घरात पुरुष असा कोणी उरला नाही. पती नाही, सासरे नाहीत, पुत्र नाही. वय बेचाळीस. दौलतीचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचविले, की एखादे मूल दत्तक घ्यावे, कारभार आपण पाहू, बाईंनी नेमणूक घेऊन तीर्थयात्रा व व्रतवैकल्ये करीत उर्वरित आयुष्य शांतपणे कंठावे. त्या काळच्या कोणत्याही विधवेस हा सल्ला रास्तच वाटला असता. त्यात वरकरणी आदर होता, सोय होती आणि तीर्थाचे पुण्यही होते. अहिल्याबाईंनी तो साफ नाकारला. देवधर्माची आवड त्यांना कोणाहून कमी नव्हती. परंतु सासऱ्यांनी रक्ताने मिळविलेली दौलत व तीवर अवलंबून असलेली लक्षावधी रयत दुसऱ्याच्या स्वाधीन करून आपण माळ ओढीत बसावे, हे त्यांच्या मनास पटले नाही.

चंद्रचूडांनी राघोबादादांना साद घातली व दादा फौजेसह माळव्यात उतरले. अहिल्याबाईंनी शिंदे, भोसले, गायकवाड या सरदारांना पत्रे पाठविली, पुण्यास माधवराव पेशव्यांकडे न्याय मागितला आणि स्वतः लढाईची तयारी मांडली. स्त्रियांचीही एक तुकडी त्यांनी उभी केली असे सांगतात. दादांना त्यांनी निरोप पाठविला, की स्त्रीवर जय मिळविल्यास त्यात भूषण नाही, आणि पराजय झाल्यास तोंड दाखवावयास जागा राहणार नाही. सरदारांनी दादांना साथ दिली नाही, माधवरावांनी बाईंचा हक्क मान्य केला, आणि राघोबादादा मालेरावांच्या निधनाबद्दल दुखवट्यास आलो असे सांगून शांतपणे परतले. इ.स. १७६७ पासून दौलतीचा कारभार अहिल्याबाईंच्या हाती आला. फौजेचे काम त्यांनी तुकोजी होळकर या विश्वासू सरदाराकडे सोपविले. तुकोजी वयाने थोडे वडील असूनही बाईंना आई म्हणत. पुढे पैशाच्या कारणावरून दोघांत कुरबुरी पुष्कळ झाल्या. उत्तरेतील मोहिमांचा खर्च तुकोजींस सदैव अपुरा पडे, तर बाई हिशेबाखेरीज पैसा सोडीत नसत.

त्यांनी इंदूर सोडून नर्मदेच्या तीरी महेश्वर येथे राजधानी केली. किल्ल्यातील त्यांचा वाडा पाहून आजही यात्रेकरूस नवल वाटते. लाकडी खांबांचे साधे बांधकाम आणि बसावयास साधी गादी, एवढाच तो थाट. खाली विस्तीर्ण घाट आणि समोर नर्मदामाईचे शांत पात्र. विणकरांना बोलावून त्यांनी येथे वस्ती करविली. महेश्वरी लुगड्यांचा धंदा त्यातून वाढला व तो आजही त्या गावी शेकडो घरांचे पोट भरतो.

त्यांचा दिनक्रम माल्कमने बारकाईने नोंदविला आहे. सूर्योदयापूर्वी घटकाभर उठून स्नान व पूजा. नंतर पुराणश्रवण, दानधर्म, ब्राह्मणभोजन. त्यानंतर स्वतःचे साधे शाकाहारी जेवण. थोडी विश्रांती घेऊन दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात बसत व सायंकाळी सहापर्यंत तेथेच असत. पडदा त्यांनी कधी पाळला नाही. कोणीही रयत त्यांच्यासमोर येऊन आपले गाऱ्हाणे मांडू शके व त्या ते स्वतः ऐकत. सायंपूजा व फराळ आटोपल्यावर रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज. उपवास व सणवार सोडता हा क्रम सुमारे अठ्ठावीस वर्षे चालला. राज्य श्रीशंकराचे, आपण केवळ त्याचे कारभारी, ही त्यांची भावना होती. आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी त्या श्रीशंकर असे लिहीत. त्यांच्या नाण्यांवरही शिवलिंग व बिल्वपत्र आढळते.

ज्या स्त्रीचे स्वतःचे घर उजाड झाले होते, तिने इतर निराधार स्त्रियांची घरे कशी सावरली, याचे दाखले मनाला भिडणारे आहेत. निपुत्रिक मनुष्य वारला की त्याची मालमत्ता सरकारजमा करणे, किंवा दत्तकास परवानगी देताना भारी नजराणा उकळणे, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. सिरोंज येथील एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला असता तेथील अधिकाऱ्याने त्याच्या विधवेकडे तीन लाखांची मागणी केली. ती बाई दत्तक मुलास घेऊन थेट महेश्वरास आली. अहिल्याबाईंनी अधिकाऱ्यास कामावरून दूर केले, दत्तक मंजूर केला, मुलास मांडीवर घेतले, वस्त्रे-अलंकार दिले व नजराणा म्हणून एक पैसाही न घेता दोघांची बोळवण केली. खरगोणच्या सावकार घराण्यातील विधवांनी तर आपण होऊन सारी संपत्ती बाईंपुढे ठेवली होती. ती त्यांनी स्वीकारली नाही. पैसा नकोच असेल तर आपल्याच गावी लोकोपयोगी कामास लावावा, असे सुचविले. त्या पैशातून तेथे घाट व मंदिर उभे राहिले.

डोंगरातील भिल्लांचा वाटसरूंना मोठा उपद्रव होत असे. त्यांच्याविरुद्ध आधी कठोर उपाय योजून झाल्यावर बाईंनी त्यांचा जुना हक्क मान्य केला. डोंगरातून जाणाऱ्या मालावर भिलकवडी नावाचा अल्प कर त्यांना घेऊ दिला, पडीक जमिनी कसावयास दिल्या आणि त्या बदल्यात त्या हद्दीतील चोरी-लुटीची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. यात्रेच्या वाटा यामुळे पुष्कळ निर्धोक झाल्या.

आता त्यांच्या धर्मकार्याकडे वळू. काशीचे श्रीविश्वनाथ मंदिर इ.स. १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने पाडले गेले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ज्योतिर्लिंगास साजेसे मंदिर नव्हते. काशी होळकरांच्या अमलाखाली नव्हती, पेशव्यांच्याही नव्हती. मोठमोठ्या सरदारांनी मनी धरलेले हे काम कोणाच्या हातून घडले नाही. ते अहिल्याबाईंनी इ.स. १७८० मध्ये जुन्या जागेच्या शेजारी नवे मंदिर बांधून पुरे केले. आज भाविक ज्या गाभाऱ्यात दर्शन घेतात तो तोच होय. शिखरावरील सोन्याचा पत्रा मात्र पुढे महाराजा रणजितसिंह यांच्या दानातून चढला. काशीतच मणिकर्णिका व दशाश्वमेध घाटांवर त्यांची कामे आहेत आणि त्यांच्या नावाचा स्वतंत्र घाटही आहे. सोमनाथ येथे मूळ स्थान भग्न व अपवित्र झालेले, म्हणून जवळच इ.स. १७८३ मध्ये त्यांनी दुसरे मंदिर बांधविले. तेथील मुख्य शिवलिंग भुयारवजा खालच्या गाभाऱ्यात आहे. आक्रमणाची आठवण तेव्हा पुसली गेली नव्हती, हे त्या रचनेवरून कळते. गयेचे विष्णुपद मंदिर इ.स. १७८७ चे. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धारात गौतमाबाई व अहिल्याबाई या दोघी सासू-सुनांचा हात आहे.

केवळ दगड रचून त्या थांबल्या नाहीत. देवळामागे पूजा-नैवेद्याची, नंदादीपाच्या तेलाची, पुजाऱ्याच्या निर्वाहाची व अन्नछत्राची तजवीज त्या करून ठेवीत. दूरच्या क्षेत्री दरसाल ठरलेली रक्कम पाठविली जाई. गंगोदकाच्या कावडी दक्षिणेकडील देवस्थानांपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था त्यांनी लावली होती. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया असत. नांगर ओढणाऱ्या बैलांना शेतातच पाणी पाजण्यास माणसे नेमलेली असत. पिकावरून हुसकावलेल्या पाखरांना चरता यावे म्हणून काही उभी शेते त्यांनी विकत घेऊन मोकळी सोडली होती. हे शेवटचे ऐकून आजचा हिशेबी मनुष्य कदाचित हसेल. माल्कमलाही हे वाचणाऱ्यास नवल वाटेल याची जाणीव होती, म्हणूनच त्याने जाणत्या लोकांना खोदून खोदून विचारले आणि मग ते लिहिले. स्तुतीचे मात्र त्यांना वावडे होते. एका ब्राह्मणाने त्यांची प्रशंसा करणारा ग्रंथ रचून वाचून दाखविला, तेव्हा त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला व नर्मदेत बुडविण्यास सांगितले. ग्रंथकर्त्यास काही बिदागी मिळाल्याची नोंद नाही.

एवढे सर्व सांगितल्यावर असे वाटेल, की उत्तरायुष्य तरी समाधानात गेले असावे. तसे झाले नाही. कन्या मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांस दिली होती. त्यांचा मुलगा नथ्याबा हा आजीचा जीव की प्राण. दौलतीच्या पुढच्या आशा त्याच्यावर होत्या. ऐन तारुण्यात तो महेश्वरी वारला. वर्षभराने, १७९१ मध्ये, यशवंतरावही गेले, आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा हट्ट धरला. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी जी विनवणी केली होती, तीच आता अहिल्याबाईंनी लेकीपुढे केली. आईने पदर पसरला, देवाची आण घातली, आपल्या म्हातारपणाकडे पाहण्यास सांगितले. परंतु पती नाही, पुत्र नाही, आई आज ना उद्या जाणार, मग मागे कोणासाठी राहावे, हा मुक्ताबाईंचा प्रश्न होता. आईचे सारे आयुष्य हेच त्या प्रश्नाचे उत्तर होते. पण लेकीला ते पटले नाही. सतीची चाल पुढे १८२९ मध्ये कायद्याने बंद झाली. ती अमानुष होती याविषयी आज दुमत नाही.

३ डिसेंबर १७९१ रोजी नर्मदेच्या वाळवंटात चिता पेटली. सहासष्ट वर्षांची माता प्रेतयात्रेबरोबर चालत गेली. दोन ब्राह्मणांनी तिचे हात धरले होते. ज्वाला उठल्या तेव्हा तिचा धीर सुटला, ती आक्रोश करू लागली व सोडवता येईनात म्हणून स्वतःच्याच हातांचे चावे घेऊ लागली. नंतर नर्मदेत स्नान करून ती वाड्यात परतली आणि तीन दिवस तिने अन्नास स्पर्श केला नाही, कोणाशी शब्दही बोलली नाही. चौथ्या दिवसापासून हळूहळू तिने स्वतःस सावरले. गेलेल्यांच्या स्मरणार्थ एक सुंदर वास्तू बांधण्याचे काम तिने काढले, आणि दुपारी दोनला पुन्हा दरबारात गाऱ्हाणी ऐकली जाऊ लागली.

त्यानंतर त्या जवळजवळ चार वर्षे जगल्या. तुकोजींशी हिशेबाचे वाद चालूच होते, प्रकृती खालावली होती, उपवास कमी करावेत असे वैद्य-आप्त सांगत व त्या ऐकत नसत. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, श्रावण महिन्यात, वयाच्या सत्तराव्या वर्षी महेश्वर येथे त्यांचे देहावसान झाले. दौलत तुकोजींकडे गेली. पुढील काही वर्षांत माळव्यात जी धामधूम माजली, तिच्या आठवणीने लोक बाईंचा काळ अधिकच हळहळून सांगू लागले.

महेश्वर हे क्षेत्र इंदूरहून सुमारे ९० कि.मी. अंतरावर असून ओंकारेश्वराच्या यात्रेस जोडून तेथे जाता येते. किल्ल्यातील वाडा, त्यांची गादी व देवघर, घाटावरील अहिल्येश्वराचे मंदिर ही स्थाने दर्शनीय आहेत. घाटावर पहाटे जावे. त्या वेळी गर्दी नसते, आणि ज्या पायऱ्यांवरून त्या नित्य स्नानास उतरत, तेथपर्यंत नर्मदेचे पाणी आलेले असते.